हायरचा हट्ट धरण्याआधी: इंग्लंडमधल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

इंग्लंडमधल्या समस्त मराठी आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

मॉकचे, म्हणजे सराव परीक्षेचे, निकाल एव्हाना हातात पडले असतील. घरात इअर इलेव्हनचं, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांचं, मूल असेल, तर 'कम्बाइंड सायन्स'पुढे ५-४ किंवा ४-३ असे जोडीचे आकडे दिसले असतील आणि शेजारी एक अक्षर, एच किंवा एफ. एच म्हणजे हायर, पेपरांची कठीण पातळी; एफ म्हणजे फाउंडेशन, सोपी पातळी. या एका अक्षरावरून आपल्या घरांमध्ये काय काय चालतं ते मी बरीच वर्षं पाहते आहे. मी इथल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि उन्हाळ्यात बोर्डाचे पेपर तपासते. पेरेंट्स इव्हिनिंगला समोर मराठी आईबाप आले की पहिली दोन मिनिटं 'तुम्ही कुठल्या? सांगलीच्या का?' यात जातात आणि मग विषय निघतो.

"मॅडम, आम्ही दोघंही इंजिनिअर. आमचा मुलगा फाउंडेशनला? काहीतरी चुकतंय तुमचं."

मी विचारते, त्याला पुढे काय करायचंय? उत्तर मुलाऐवजी वडील देतात. मुलगा खाली मान घालून जॅकेटच्या चेनशी चाळा करत बसलेला असतो. "ते ठरेल हो नंतर. आधी त्याला हायरला टाका. मेहनत आम्ही करून घेतो."

हा हट्ट कुठून येतो ते मला कळतं. आपल्या आधीच्या पिढीनं एसएससीला हायर मॅथ्स आणि लोअर मॅथ्स पाहिलं, पुढच्यांनी 'सामान्य गणित' घेणाऱ्यांकडे वर्ग कसा बघतो ते पाहिलं. सीबीएसईनं २०२०च्या दहावीपासून गणिताला स्टँडर्ड आणि बेसिक असे दोन पर्याय दिले, तेव्हाही नातेवाइकांच्या ग्रुपवर 'बेसिक घेतलं म्हणजे संपलंच' हाच सूर होता. त्यामुळे इथे फाउंडेशन म्हटलं की पोटात गोळा येतो. पण जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या बोर्डाच्या परीक्षेच्या, सायन्समध्ये ग्रेड कशी ठरते हे समजून न घेता मागितलेला हायर काही मुलांना थेट नापासापर्यंत नेतो. आणि काही मुलांना फाउंडेशनमधून बाहेर काढण्यासाठी आईबापांनी खरोखरच भांडायला हवं असतं, तिथे नेमके आपण गप्प बसतो. 'शाळेला जास्त कळतं' म्हणून. माझी तक्रार आहे ती या उलट्या हिशेबाबद्दल.

आधी व्यवस्था सांगते. ही सगळी इंग्लंडची. स्कॉटलंडची परीक्षाच निराळी आहे आणि वेल्समध्ये अजून ए, बी, सी अशा ग्रेड चालतात, तेव्हा ग्लासगोच्या किंवा कार्डिफच्या मैत्रिणीचा सल्ला इथे लावू नका.

इंग्लंडमध्ये बहुतेक मुलं कम्बाइंड सायन्स देतात. तीन विषय एकत्र, पण मोल दोन जीसीएसईंचं, म्हणून ग्रेड जोडीनं येते. सर्वात वर ९-९, मग ९-८, ८-८ असं करत १-१पर्यंत, एकूण १७ पायऱ्या. मोठा आकडा नेहमी आधी. ४-५ अशी ग्रेड नसते. एक्यूए बोर्डाच्या 'ट्रिलजी' या अभ्यासक्रमाचं उदाहरण घेते, कारण तो सर्वात जास्त शाळांत भेटतो. त्यात सहा पेपर असतात: बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स प्रत्येकी दोन. प्रत्येक पेपर सव्वा तासाचा आणि ७० मार्कांचा. एकूण ४२०.

हायरच्या पेपरांवर ९-९ ते ४-४ या ग्रेड मिळतात, आणि अगदी थोडक्यात हुकलेल्यांसाठी खाली ४-३ ही एक जादा पायरी. फाउंडेशनवर ५-५ ते १-१. म्हणजे फाउंडेशनला बसलेल्या मुलीनं सहाही पेपरांत एकही मार्क गमावला नाही तरी तिला ५-५च मिळणार. आपल्या लोकांना एवढंच माहीत असतं. वरचं छप्पर सगळ्यांना दिसतं. हायरला खाली जमीन नाही, हे फारसं कोणाला दिसत नाही.

उदाहरणच घ्या. आकडे माझ्या मनाचे आहेत, फक्त हिशेब कळावा म्हणून. समजा एका वर्षी हायरला ४-४ची बाउंड्री (ती ग्रेड मिळायला लागणारे किमान मार्क) ४२०पैकी १३०ला लागली आणि ४-३ची ११०ला. ११२ मार्क मिळवणाऱ्या मुलाला ४-३ मिळाली. १०८ मिळवणाऱ्याला काय मिळेल? ३-३ नाही, २-२ सुद्धा नाही. यू. अनक्लासिफाइड. दोन वर्षं शिकलेल्या, सहा पेपर दिलेल्या मुलाच्या हातात दोन जीसीएसईंच्या जागी शून्य. हेच मूल फाउंडेशनला असतं तर त्याला ३-३, कदाचित ४-३ किंवा चांगला दिवस असता तर ४-४ सुद्धा मिळाली असती.

ही कल्पनेतली भीती नव्हे. नव्या ९ ते १ ग्रेडची कम्बाइंड सायन्सची पहिली परीक्षा २०१८च्या उन्हाळ्यात झाली. शाळांना अंदाज नव्हता, पालकांना तर त्याहून नव्हता, आणि ज्यांनी फाउंडेशनला बसायला हवं होतं अशी बरीच मुलं हायरला बसली. मार्क जुळवायला बसल्यावर बोर्डांच्या लक्षात आलं की यातली पुष्कळ मुलं यू होणार. तेव्हा परीक्षांवर देखरेख करणाऱ्या ऑफक्वालनं त्या एका वर्षापुरती हायरवर ३-३ ग्रेड द्यायला परवानगी दिली. आणि पुढच्या वेळी टिअर, म्हणजे हायर की फाउंडेशन ही पातळी, नीट विचार करून निवडा, असं शाळांना बजावलं. ती सवलत पुन्हा मिळेल या भरवशावर कोणी राहू नये.

आता मार्कांचं. आपल्या डोक्यात ३५ पक्कं बसलेलं आहे. एसएससीला विज्ञान दोन भागांत ४०-४०चं, वर २० प्रात्यक्षिकाचे, शंभरातले ३५ आले की पास. इथे असा ठरलेला आकडाच नाही. पेपर तपासून झाल्यानंतर बाउंड्री ठरते आणि ती निकालाच्याच दिवशी जाहीर होते. ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी.

बाउंड्री ठरते कशी? पेपर स्कॅन होतात आणि परीक्षकांना पडद्यावर दिसतात. अनेकदा मला एखाद्या मुलाचा अख्खा पेपर दिसतच नाही, एकच प्रश्न शेकडो मुलांचा दिसतो. मधूनमधून वरिष्ठांनी आधीच तपासून ठेवलेली उत्तरं गुपचूप मिसळलेली असतात. त्यांना मी वेगळे मार्क दिले, तर माझं काम तिथेच थांबवलं जातं. या अवस्थेत ग्रेड कोणालाच माहीत नसते. मग वरिष्ठ परीक्षक दोन गोष्टी समोर ठेवतात: मुलांनी प्रत्यक्ष लिहिलेली उत्तरं आणि आकडेवारी. या वर्षीची मुलं एकंदरीत मागच्या वर्षीसारखीच असतील, तर निकालही साधारण तसाच लागायला हवा, असं ते सूत्र. पेपर अवघड निघाला तर बाउंड्री खाली येते, सोपा निघाला तर वर जाते. काही मोजक्या ग्रेडच्या सीमा अशा विचार करून ठरवतात, मधल्या सीमा गणितानं भरतात.

मुलं सारखी आहेत की नाहीत हे ताडायला एरवी इअर सिक्समधल्या सॅट्सचे, म्हणजे प्राथमिक शाळेच्या शेवटी होणाऱ्या देशभरच्या चाचण्यांचे, मार्क वापरतात. गंमत अशी की २०२५च्या जीसीएसई बॅचची सॅट्स २०२० साली आणि २०२६च्या बॅचची २०२१ साली कोविडमुळे झालीच नाहीत. म्हणजे या दोन बॅचसाठी तो आधारच नाही, बोर्डांना दुसरी आकडेवारी शोधावी लागते. 'गेल्या वर्षी इतक्या मार्कांना ७ मिळाले' असं एक्सेलमध्ये मांडून बसणाऱ्या बाबांनी (आहेत असे, मी तीन तरी ओळखते) हे लक्षात ठेवावं. जुन्या बाउंड्रीवरून अंदाज जरूर बांधा, त्यावर पैज लावू नका.

हायर आणि फाउंडेशनचं ४-४ सारखंच कसं, हा प्रश्न मला हमखास येतो. हायरला ४-४साठी साधारण एकतृतीयांशाच्या आसपास मार्क पुरतात, कधी त्याहूनही कमी. फाउंडेशनला त्याच ४-४साठी निम्म्याच्या आसपास लागतात. हे ऐकल्यावर एक आई म्हणाली होती, "मग हायरच बरं की! एवढ्या कमी मार्कांत पास!" या हिशेबानंच घात होतो. त्या एकतृतीयांश मार्कांसाठी जे प्रश्न सोडवायचे असतात ते ४-४ पातळीच्या मुलाला फारसे सुटत नाहीत.

दोन्ही टिअर एकमेकांशी जोडण्यासाठी काही प्रश्न शब्दशः सारखे असतात. ग्रेड ४ आणि ५च्या तोडीचे हे प्रश्न फाउंडेशनच्या पेपरात शेवटाकडे येतात आणि हायरच्या पेपरात सुरुवातीला. एकच प्रश्न, समजा पाणवनस्पतीला दिव्याच्या जवळ-लांब ठेवून प्रकाशसंश्लेषणाचा वेग कसा मोजाल, असा सहा मार्कांचा. फाउंडेशनची मुलगी तिथवर पोहोचते तेव्हा तिनं सोपे प्रश्न सोडवून पंचवीस-तीस मार्क गाठीला बांधलेले असतात, हात मोकळा झालेला असतो. हायरच्या मुलासमोर हाच प्रश्न पान दोनवर उभा असतो आणि पुढची सगळी पानं याहून कठीण. हायरला अडखळणारी मुलं काय करतात हे उत्तरपत्रिकेत स्पष्ट दिसतं. पहिल्या तीन-चार प्रश्नांत ठीक लिहिलेलं असतं, मग अक्षर मोठं होत जातं, उत्तरं दोन-दोन शब्दांची, मग कोरी पानं. कोऱ्या पानाला मार्क देण्याची सोय कोणत्याच योजनेत नाही. गणिताच्या प्रश्नात निदान सूत्र लिहून आकडे घातले असते तरी एखाद-दोन मार्क पदरात पडले असते, पण तोवर मुलानं हार मानलेली असते.

पेपरच नाही, अभ्यासक्रमही वेगळा आहे. केमिस्ट्रीतली मोलची गणितं फक्त हायरला. संवेग, चुंबकीय क्षेत्रातल्या तारेवरचं बल, थायरॉक्सिन आणि ॲड्रिनलिनचं नियंत्रण, हेही हायरलाच. हायरमध्ये गणिताची पातळीही चढी असते, आणि कम्बाइंडच्या एकूण मार्कांपैकी निदान २० टक्के गणितावर जातात. फिजिक्सची सूत्रं पाठ नसल्याची काळजी मात्र तूर्त करू नका. २०२२पासून सूत्रांचा पूर्ण कागद परीक्षेत हातात मिळतो आणि २०२७पर्यंत तरी मिळणार आहे.

जोडग्रेडचा अर्थही बऱ्याच घरांत चुकीचा लावला जातो. '६-५ म्हणजे बायॉलॉजीत ६ आणि फिजिक्समध्ये ५ ना?' नाही. सहाही पेपरांची एकच बेरीज होते आणि त्या बेरजेची एकच जोडग्रेड. बायॉलॉजीत १४०पैकी ९५, केमिस्ट्रीत ७० आणि फिजिक्समध्ये ४५ मिळाले काय किंवा तिन्हीत ७० मिळाले काय, बेरीज २१०च आणि ग्रेडही तीच. एका अर्थी हे बरं आहे, फिजिक्सची कसर बायॉलॉजीत भरून निघते. तेव्हा शेवटच्या महिन्यात मुलाला नावडत्या फिजिक्सवर दामटण्याऐवजी कुठे दहा मार्क स्वस्तात वाढतील ते बघा. ते बहुधा आवडत्या विषयात असतात.

पण इथे माझा बोर्डांवर आणि ऑफक्वालवर राग आहे, तो या पत्रात काढून घेते. ट्रिपल सायन्स घेणाऱ्या मुलांना तीन स्वतंत्र जीसीएसई मिळतात, प्रत्येक विषयाचे शंभर-शंभर मार्कांचे दोन पेपर, आणि त्यांना विषयागणिक टिअर निवडता येतो. बायॉलॉजी हायर, फिजिक्स फाउंडेशन, चालतं. कम्बाइंडच्या मुलांना मात्र सहाच्या सहा पेपर एकाच टिअरचे द्यावे लागतात. म्हणजे बायॉलॉजीत सातच्या योग्यतेची आणि फिजिक्समध्ये तीनवर अडकलेली मुलगी एकतर छपराला डोकं आपटणार, नाहीतर जमिनीविना लटकणार. ट्रिपलच्या मुलांना जी मोकळीक आहे ती ज्यांना अधिक गरज आहे त्यांनाच नाही. बेरीज एकच करायची म्हणून टिअर एकच, हे कारण मला समजतं. पटत नाही. ही मोकळीक मागायला पालकांनी खासदाराला किंवा ऑफक्वालला लिहिलं तर त्याला मी पेन पुरवीन. आपले लोक परीक्षांबद्दल शाळेच्या फाटकापर्यंतच भांडतात, त्यापुढे जात नाहीत.

हायरसाठी कधी भांडायचं, याकडे येते.

मुलाला ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या पुढच्या दोन वर्षांत, बायॉलॉजी, केमिस्ट्री किंवा फिजिक्स घ्यायचं असेल तर हायरशिवाय मार्ग नाही. प्रत्येक सिक्स्थ फॉर्मची (ए लेव्हल शिकवणाऱ्या वर्गांची) अट वेगळी, पण बहुतेक ठिकाणी ६-६ किंवा ७-७च्या आसपास मागतात, आणि फाउंडेशनचं छप्पर ५-५ला संपतं. डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलीला शाळा फाउंडेशनला बसवत असेल, तर आजच हेड ऑफ सायन्सची वेळ मागा. ट्रिपलच हवं हा हट्ट मात्र नको; मेडिकल कॉलेजं साधारणपणे कम्बाइंडही चालवून घेतात.

उलट मुलाला ए लेव्हलला सायन्स नकोच असेल, बिझनेस, डिझाइन किंवा एखादी ॲप्रेंटिसशिप करायची असेल आणि मॉकमध्ये तो ४-४च्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खात असेल, तर फाउंडेशनवर मिळणारी ५-४ किंवा ४-४ ही त्याच्या कामाची, पक्की ग्रेड आहे. इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक व्हायलाही सायन्समध्ये ४ लागतात, ५-५ सुद्धा नाही. आणि सर्टिफिकेटवर टिअर छापलेला नसतो. ४-४ ही ४-४च दिसते.

ज्यांनी खरंच भांडायला हवं ते वेगळेच लोक आहेत. गेल्या काही वर्षांत नर्सिंगच्या, केअरच्या, आयटीच्या व्हिसावर आलेली कितीतरी कुटुंबं पाहते. मुलं पुण्याहून, लातूरहून, पणजीहून नववी-दहावी करून थेट इअर टेनमध्ये येतात. सॅट्सचे मार्क नसतात, इंग्रजी बोलायला बुजतात, शाळा त्यांना तात्पुरतं म्हणून खालच्या सेटमध्ये, म्हणजे कुवतीप्रमाणे पाडलेल्या खालच्या वर्गगटात, बसवते. तात्पुरतं तिथेच राहून जातं. आणि खालच्या सेटला मोल शिकवतच नाहीत, संवेगही नाही. टिअरची नोंद कागदोपत्री इअर इलेव्हनच्या फेब्रुवारीत होते, पण प्रत्यक्षात निर्णय होतो तो इअर टेनच्या सप्टेंबरमध्ये, सेट पाडताना. फेब्रुवारीत 'हायर द्या' म्हणून शाळेत गेलात तर हेड ऑफ सायन्स खांदे उडवून सांगेल की मुलीनं तो भाग शिकलेलाच नाही. आणि ते खरं असेल.

एक मुलगी आठवते. बीजगणित पक्कं, समीकरणं तोंडपाठ, रासायनिक समीकरण दिलं की पेन्सिल उचलून संतुलित करून मोकळी. पण 'एक्सप्लेन' म्हटलं की एक ओळ लिहून थांबायची, कारण कारण सांगायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. वहीत नेहमी व्याख्या. खालच्या सेटमधल्या चाचणीत तिला मध्यम मार्क पडायचे, कारण त्या चाचण्यांत गणित कमी आणि वाक्यं जास्त. तिची आई नाइट ड्युटी करून आलेली, पेरेंट्स इव्हिनिंगला डोळ्यांवर झोप. 'सगळं ठीक आहे ना मॅडम' एवढंच विचारून ती उठत होती. अशा आईनं उठू नये. तिनं विचारावं: माझ्या मुलीला या सेटमध्ये कशावरून बसवलं? हायरचा कोणता भाग इथे शिकवला जात नाही? तो ती कधी शिकेल? इंग्रजीमुळे मार्क जातात की सायन्समुळे, हे एका मॉकच्या पेपरवर दाखवाल का? शेवटचा प्रश्न सर्वात कामाचा. पेपर समोर ठेवला की पाच मिनिटांत कळतं. लाजू नका, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, आणि शाळेला दुभाषा मागितला तर त्यात काही कमीपणा नाही.

शाळा नेहमी निःपक्षपाती असते असं मी म्हणणार नाही. शाळांचंही मूल्यमापन निकालांवरून होतं. यू आलेली मुलं शाळेला नको असतात, म्हणून काठावरच्या मुलाला शाळा सुरक्षित बाजूला ढकलते. बहुतेकदा हे मुलाच्याही फायद्याचं असतं. पण एखादा मुलगा ४-४च्या काठावर आहे तो आळसामुळे की कुवतीमुळे, हे शाळेपेक्षा घरी जास्त कळतं. ते प्रामाणिकपणे सांगा. 'आमचा मुलगा हुशार आहे पण अभ्यास करत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर माझा चेहराही हलत नाही. 'गेला महिनाभर रोज पाऊण तास बसतोय, ही बघा सोडवलेली पेपरं' असं कोणी म्हणालं तर मात्र मी लगेच वही काढते.

तारखांचं सांगायचं तर शाळा साधारण २१ फेब्रुवारीपर्यंत बोर्डाकडे नावं पाठवते. त्यानंतरही काही काळ टिअर बदलता येतो, कधी फी पडते. शाळेत एक्झाम्स ऑफिसर नावाची व्यक्ती असते, नेमकी शेवटची तारीख तिला विचारा, मला नको. दोन्ही टिअरच्या जुन्या पेपरांपैकी एकेक पेपर मुलाकडून घरी वेळ लावून सोडवून घ्या. हायरवर ४-४ची बाउंड्री तो दर वेळी आरामात ओलांडत असेल तर हायर. एकदा ओलांडतो, एकदा नाही, असं असेल तर तुमच्या प्रतिष्ठेसाठी त्याला तिथे टांगू नका. मुलालाही विचारा. तो बहुधा आपल्याआधीच ओळखून असतो, फक्त आपल्यासमोर बोलत नाही.

आणि निकालानंतर. २०२५ साली निकाल २१ ऑगस्टला लागला आणि गणपती आले २७ला. मंडळाच्या आरतीला प्रसादाच्या रांगेत 'किती आले?' हा प्रश्न फिरत होताच, वर 'हायर होतं ना?' हा उपप्रश्न. दोन्ही प्रश्न मुलांच्या अंगावर टाकू नयेत एवढी विनंती आहे, विशेषतः काकू मंडळींना.

ग्रेड एक-दोन मार्कांनी हुकली असेल तर शाळेमार्फत उत्तरपत्रिकेची प्रत मागवता येते. ती आधी बघा, विषयशिक्षकाला दाखवा. मार्क चुकलेले दिसले तरच फेरतपासणीला द्या, कारण फेरतपासणीत मार्क वाढतात तसे कमीही होतात आणि ग्रेड खालीही येऊ शकते. म्हणूनच मुलाची लेखी संमती घ्यावी लागते. ग्रेड बदलली तर फी परत मिळते. बायॉलॉजीच्या एका पेपरात चार मार्क सापडले तर बेरीज वाढते आणि जोडग्रेड सरकू शकते, हे विसरू नका. सहाही पेपर मागवायची गरज नसते. अर्ज शाळेकडूनच जातो, पालकाला थेट बोर्डाकडे करता येत नाही, आणि मुदत सप्टेंबरमध्ये संपते. सिक्स्थ फॉर्मची जागा अडकली असेल तर तातडीची फेरतपासणी असते, पण ती मुळात ए लेव्हलसाठी आहे. जीसीएसईला तुमच्या बोर्डाकडे ती मिळते का, हे निकालाच्या दिवशी सकाळीच एक्झाम्स ऑफिसरला विचारून घ्या.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका